हात सोडायचा, पण आधी धरायचा कुठे?

«माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. सातव्या महिन्यात जन्मला. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी, स्पास्टिक डायप्लेजिया सांगितलंय. बोलतो छान. हात धरला की चालतो, सोडला की कोसळतो. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला नेते. बाकीचे दिवस पडेल या भीतीने त्याला एकटं उभंच करत नाही. सासूबाई म्हणतात, रोज तेल जिरव, पाय आपोआप धरतील. माझं कुठे चुकतंय? जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तो चालेल का?»
— एक आई, जुळे सोलापूर

ताई,

स्पास्टिक डायप्लेजिया म्हणजे मुख्यतः दोन्ही पायांचे स्नायू ताठ राहणं. त्याच्या मेंदूतून पायांकडे निरोप नेणाऱ्या तंतूंना इजा झाली आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांमध्ये हे होतं. ते तुमच्या हातून झालेलं नाही, हे आधी मनात पक्कं करा.

आता धरण्याबद्दल. तुम्ही त्याचा हात वर ओढून धरता, तेव्हा तो तुमच्या हाताला लटकतो, टाचा उचलतो आणि तोल त्याच्याऐवजी तुम्ही सांभाळता. तोल थोडा गेला, तरच शरीर तो सावरायला शिकतं. म्हणून मागे बसून दोन्ही तळवे त्याच्या कमरेच्या हाडांवर हलके ठेवा. तो कलला की एक-दोन सेकंद वाट पाहा, मगच आधार द्या. हे जमलं की त्याच्या कमरेभोवती टॉवेल गुंडाळून टोकं मागे हातात ठेवा, टॉवेल सैल असू द्या. बगलेत हात घालून उचलू नका.

तो कोसळतो कारण पोटऱ्या ताठ असल्याने टाच टेकत नाही, गुडघे एकमेकांकडे येतात आणि उभं राहायला जागा चवड्यांएवढीच उरते. ताठ स्नायू मजबूत असतात असं आपल्याला वाटतं. इथे ते ताठही असतात आणि अशक्तही. त्यामुळे नुसतं ताणून किंवा चोळून भागत नाही. सासूबाईंनी मायेने तेल लावावं, त्याला बरं वाटेल. तोल मात्र त्यातून येणार नाही. पाय जोरात ओढणं, दाबून सरळ करणं तर नकोच.

दिवसातून दोनदा दहा-बारा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस काढा. पोट रिकामं नसावं, झोप झालेली असावी.

सुरुवात बसण्यापासून, कारण धड डगमगत असेल तर पाय काय करणार? पाठ न टेकता स्टुलावर बसवा. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवा. आजींना शेंगांची परात घेऊन शेजारी बसवा. शेंगा एका बाजूच्या परातीतून दुसऱ्या बाजूच्या टोपलीत टाकायच्या. टोपली त्याच्या हातापासून चार बोटं लांब असावी, म्हणजे कमरेतून झुकून परत यावं लागेल. बहुतेक घरांत वस्तू समोरच, हातात आणून दिली जाते आणि सगळा व्यायाम तिथेच वाया जातो. फोडलेले दाणे मात्र तोंडात जाऊ देऊ नका. या मुलांना ठसका पटकन लागतो.

मग उठ-बस. सगळ्यांत जास्त फायदा मला यातच दिसतो. स्टुलाची उंची गुडघ्याएवढी हवी. फरशीवर खडूने वीतभर अंतरावर दोन पावलं काढा, म्हणजे गुडघे जवळ येतात ते त्यालाही कळेल. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. «नाक पायाच्या बोटांच्या पुढे ने,» असं सांगा, मग उठू द्या. बसताना तीन आकडे मोजत सावकाश. धप्पकन बसणं मोजायचं नाही. पाच-पाचचे तीन फेरे, मधे मिनिटभर विश्रांती. दोन आठवड्यांत सहज जमलं तर दहापर्यंत न्या, त्यानंतर स्टूल थोडं बुटकं घ्या. हात ओढून उठवलं की वजन मागेच राहतं, पाय काही शिकत नाहीत.

उभं राहण्यासाठी खोलीचा कोपरा उत्तम. पाठ भिंतींपासून चार बोटं, समोर जड खुर्ची. मागे कलला तर भिंत धरेल, त्यामुळे तुमचाही जीव टांगणीला लागणार नाही. आधी दोन्ही पायांवर. मग एक पाय पाटावर ठेवून दहा सेकंद, पाय बदलून पुन्हा. साध्या फरशीवर तीस सेकंद उभा राहू लागला की सोलापुरी चादरीची चौघडी पायाखाली घाला. मऊ जागेवर घोट्याला जास्त काम पडतं, म्हणून ती घाईने आणू नका.

स्प्लिंट, म्हणजे घोटा सरळ धरणारे पायाचे साचे, दिले असतील तर सुती मोजे आणि वर बूट हवेतच. नुसत्या स्प्लिंटवर फरशीवरून पाय घसरतो. काढल्यावर अर्ध्या तासातही लाल वळ गेला नाही, तर स्प्लिंट बनवणाऱ्याकडे परत न्या. उन्हाळ्यात मोजे दिवसातून दोनदा बदला. मांड्या आत वळवून, पाय दोन्हीकडे टाकून तो बसत असेल तर ओरडू नका. तसं बसल्यावर तोल सांभाळावाच लागत नाही, म्हणून त्याला सोपं जातं. चादरीच्या जाड घडीवर बसवा, पर्याय मिळाला की तो वळेल.

कधी थांबायचं? मांड्या फाकवताना रडला, एक पाय आखूड दिसू लागला, झटके आले किंवा काल येणारी गोष्ट आज येईनाशी झाली, तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांकडे. खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी काढला, हेही विचारा. खुबा हळूहळू सरकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही.

महिन्यातून एकदा त्याच कोपऱ्यात, किती सेकंद उभा राहिला त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. आठवड्यात फरक शोधू नका, सहा-आठ आठवडे द्या. खर्चाचं म्हणाल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना सेरेब्रल पाल्सीसाठी आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांत थेरपीही येते.

आणि गड्डा. तो सुट्टा चालेल असं वचन मी देणार नाही. गर्दीतले धक्के, उंचसखल माती, कानठळ्या. तोलासाठी याहून अवघड जागा नाही. संक्रांतीचे मुख्य दिवस सोडून सकाळी मोकळ्या वेळी, यात्रा भरते त्या होम मैदानावर न्या. लांबचं अंतर कडेवर किंवा गाडीवर. मुलाने आपल्या मागे ओढत न्यायचा वॉकर त्याला चालेल का, हे फिजिओथेरपिस्टला आत्ताच विचारा. त्यात मूल ताठ उभं राहतं, आणि वॉकरमुळे सवय लागून चालणं थांबतं ही भीती खोटी आहे. मातीत त्याची लहान चाकं रुततात, म्हणून टणक जागा आधी बघून ठेवा. तिथे पाळण्यापर्यंतची वीस पावलं त्याची त्याला टाकू द्या, तुम्ही टॉवेल सैल धरून मागे राहा.