पुस्तकांचे कपाट : फळीची लांबी आधी ठरवा

पावसाळा सरत आला की दिवाळीपूर्वी कपाट करून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांचे प्रश्न येऊ लागतात आणि त्यांतील बहुतेक दरवर्षीचेच असतात. म्हणून काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

कपाटाची खोली किती ठेवावी? (सहकारनगर)

दहा इंच. डेमी आकाराचे पुस्तक सुमारे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते; दिवाळी अंक व कलाविषयक ग्रंथांसाठी तळाचा एखादा कप्पा बारा इंच खोल आणि तेरा इंच उंच करावा.

पाच वर्षांपूर्वी करून घेतलेल्या कपाटाच्या साडेतीन फुटी फळ्या मध्यभागी वाकल्या आहेत. प्लायवुड १८ मिलिमीटरचे आणि चांगल्या प्रतीचे होते. आता सुतार मरीन प्लाय वापरायला सांगत आहेत. ते करावे का? (कोथरूड)

करू नये. मरीन प्लायचे, म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाच्या प्लायवुडचे, वैशिष्ट्य पाण्याला टिकणाऱ्या चिकटीत आहे. आपल्या फळ्या पाण्याने वाकलेल्या नाहीत, त्या लांबीमुळे वाकल्या आहेत, आणि महाग प्लाय घेतल्याने लांबी कमी होत नाही.

डेमी पुस्तकांच्या एक फूट रांगेचे वजन साधारण आठ ते दहा किलो भरते. आर्ट पेपरवरील ग्रंथ त्याहून जड असतात. पटत नसेल तर आपलीच फूटभर पुस्तके वजनकाट्यावर ठेवून पाहावीत. म्हणजे आपल्या एकेका फळीवर तीस-पस्तीस किलोंचे ओझे रात्रंदिवस आहे. सलग भरलेल्या फळीचा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे अडीच फुटांची फळी साडेतीन फूट केली की तोच बाक जवळजवळ चौपट होतो. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो, म्हणून १८ऐवजी २५ मिलिमीटर जाडी घेतल्यास बाक निम्म्याहूनही कमी होतो. त्यातच लाकूड सततच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षे हळूहळू झुकत राहते आणि पुस्तके काढली तरी पूर्णपणे सरळ होत नाही. पहिल्या महिन्यात फळी सरळ दिसली, एवढ्यावर समाधान मानणे चुकीचे आहे.

आणखी एक गोष्ट सुतारांना विचारावी. आठ बाय चारच्या शीटवर वरच्या थराचे रेषे सहसा आठ फुटांच्या दिशेने जातात. तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून फळी आडवी कापली, तर रेषे तिच्या रुंदीच्या दिशेने येतात आणि ती कमकुवत होते. सनमायका चढल्यावर हे ओळखता येत नाही, म्हणून कापणीच्या वेळी स्वतः उभे राहावे.

१८ मिलिमीटर प्लायची फळी अडीच फुटांपेक्षा लांब ठेवू नये, जड ग्रंथांसाठी दोन फूटच ठेवावी. लाकडाचे तंतू वा चुरा दाबून केलेल्या एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डसाठी त्याहूनही कमी. पुढच्या कडेला दीड इंच रुंदीची सागवानी पट्टी उभी बसवली तर फळीला चांगलाच आधार मिळतो. आपल्या कपाटात मध्ये उभी फळी घालता येईल. मात्र तिचा भार तळाशी जमिनीपर्यंत पोहोचतो का, हे अनुभवी सुताराला प्रत्यक्ष दाखवूनच काम सुरू करावे.

पेठेतील जुन्या वाड्याची सागवानी तुळई मिळत आहे. जुने सागवान कधीच फसवत नाही, असे सगळे म्हणतात. (सदाशिव पेठ)

सगळे म्हणतात म्हणून पैसे देऊ नयेत. जुन्या सागवानाचा गाभा उत्तम असतो, यात शंका नाही. परंतु तुळईची भिंतीत गाडलेली टोके ओलीने कुजलेली असू शकतात, आत तुटलेले खिळे असतात आणि कडेच्या फिकट लाकडाला कीड लागते. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये असो वा वाड्याच्या दारात, कापलेला ताजा भाग पाहिल्याशिवाय आणि घनफुटाचा हिशेब कापणीपूर्वीचा की नंतरचा हे ठरवल्याशिवाय व्यवहार करू नये. फळ्या कापल्यावर मध्ये पट्ट्या ठेवून काही आठवडे रचून ठेवाव्या लागतात, कारण कापल्यावर आतला ताण मोकळा होऊन लाकूड वळते. दिवाळीची घाई असेल तर हे लाकूड घेऊच नये. लाकूड ओळखणाऱ्या माणसाला सोबत न्यावे.

काचेची दारे हवीत का? (औंध)

धूळ कमी हवी असेल तर हवीत, परंतु हवा खेळण्यासाठी फट ठेवावी.

जूनपासून कपाटाखाली पिठासारखी भुकटी पडते. रॉकेल लावत आहोत. नवीन प्लाय 'कीडरोधक' असल्याने बदलून टाकावे का? (सिंहगड रस्ता)

जूनपासून थांबायला नको होते. पिठासारखी भुकटी आणि बारीक गोल छिद्रे ही लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची लक्षणे आहेत. वाळवी बहुधा मातीच्या नळ्या करते. रॉकेल आतल्या अळीपर्यंत पोहोचत नाही आणि घरात आगीचा धोका मात्र वाढवते. 'कीडरोधक' हा शब्द ऐकून खरेदी करू नये. प्रक्रिया कोणती आणि हमी कशाची, हे बिलावर लिहून घ्यावे. आज पुस्तके हलवावीत, कपाट इतर लाकडी सामानापासून दूर करावे आणि परवानाधारक कीडनियंत्रकाकडून तपासून घ्यावे. बदलायचे की वाचवायचे, हे त्यानंतर ठरवावे.

सात फुटी कपाट भिंतीला जखडावे का? घरात लहान मूल आहे. (बाणेर)

जखडलेच पाहिजे. मुले कप्प्यांवर पाय देऊन चढतात आणि भरलेले कपाट पुढे कलते. नव्या इमारतींत भिंती बऱ्याचदा हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकच्या असतात व त्यांत स्क्रूसाठीचा साधा प्लॅस्टिकचा गट्टू धरत नाही, म्हणून भिंत कशाची आहे हे इमारतीच्या अभियंत्याला विचारून त्याप्रमाणेच अँकर निवडावा. तोवर जड पुस्तके तळाच्या कप्प्यांत ठेवावीत.