वनशास्त्र आणि व्यवसाय, दोन्हींसाठी गणित-सांख्यिकी शिकायची आहे. सुरुवात कुठून करू?

कलनापासून (कॅल्क्युलस) नको, नमुना निवडीपासून (सॅम्पलिंग) करा. जंगलातलं प्रत्येक झाड कोणी मोजत नाही. काही प्लॉट (जंगलातले ठरावीक तुकडे) मोजून सगळ्याचा अंदाज बांधतात. बाजारपेठेच्या सर्वेक्षणातही हेच चालतं, त्यामुळे एकदा शिकलेलं दोन्हीकडे कामी येतं. प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज साधारण किती चुकू शकतो ते माप, प्लॉटच्या संख्येच्या वर्गमुळाने घटते. ती निम्मी करायला चौपट प्लॉट लागतात, हे वर्गमूळ अंगवळणी पडलं की निम्मी लढाई जिंकलात.

मग प्रतिगमन (रिग्रेशन), म्हणजे एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज काढणं. झाडाचा व्यास साधारण १.३ मीटर उंचीवर मोजतात आणि त्यावरून घनफळाचा अंदाज काढतात. छेदक्षेत्र (खोड आडवं कापल्यावर दिसणाऱ्या चकतीचं क्षेत्रफळ) व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्याने व्यासात ५ टक्के चूक झाली तर क्षेत्रफळात जवळपास १० टक्के होते. (टेप तिरका धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!)

चक्रवाढ व्याज मात्र नीट घोटा. ८ टक्के दराने, ४० वर्षांनी मिळणाऱ्या १००० रुपयांचं आजचं मूल्य जेमतेम ४६ रुपये भरतं. झाड कधी तोडावं याचं जर्मन वनतज्ज्ञ फाउस्टमान यांचं १८४९ मधलं सूत्र याच हिशोबावर उभं आहे. कलन तिथे लागतं, तेव्हा शिका. सराव स्प्रेडशीटवर, पुढे आर (R) या सांख्यिकीच्या संगणकभाषेत.