एक्सएमएल तयार करताना ‘अवैध कॅरेक्टर’ एरर येते, एस्केप करूनही जात नाही. काय करावं?

एस्केपिंगने (खास चिन्हाऐवजी त्याचं सांकेतिक रूप लिहिण्याने) हा प्रश्न सुटणारच नाही. अँपरसँड किंवा ‘पेक्षा लहान’ची खूण ही वैध कॅरेक्टर्स आहेत, त्यांना फक्त एस्केप करावं लागतं. तुमच्या डेटात बहुधा कंट्रोल कॅरेक्टर (न दिसणारं नियंत्रण-चिन्ह) शिरलंय. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालच्या कोडपैकी फक्त ९ (टॅब), १० आणि १३ (नवी ओळ) चालतात. बाकीचे कुठल्याच रूपात चालत नाहीत: सीडाटामध्ये (मजकूर एस्केप न करता ठेवायच्या भागात) गुंडाळा किंवा अँपरसँड-हॅश लावून अंकात लिहा, पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम) फाइल नाकारणारच, आणि ते बरोबरच आहे. ५५२९६ ते ५७३४३ हे सरोगेट (इमोजीसारखी कॅरेक्टर्स जोडीने साठवायला राखलेले कोड) आणि ६५५३४, ६५५३५ हेही वर्ज्य.

म्हणून मजकूर रायटरकडे (एक्सएमएल लिहिणाऱ्या कोडकडे) देण्याआधीच त्यातली ही कॅरेक्टर्स गाळा. जावात किंवा डॉटनेटमध्ये गाळताना सरोगेटची जोडी सुटी करू नका, नाहीतर सगळे इमोजी उडतील; फक्त एकटा पडलेला सरोगेट काढा. डॉटनेटमध्ये हे तपासायला एक्सएमएलकन्व्हर्ट क्लासमध्ये तयार मेथड्स आहेत.

गुपचूप पुसून टाकण्यापेक्षा मी त्या जागी ६५५३३ हे बदली-चिन्ह ठेवतो आणि लॉगमध्ये नोंद करतो. डेटा कुठे बिघडतोय ते त्यामुळे शोधता येतं. ते बाइट जसेच्या तसे हवेच असतील, तर बेस६४ (बाइट साध्या अक्षर-अंकांत लिहायची पद्धत) वापरा.

एक्सएमएल १.१ शून्य सोडून बाकी कंट्रोल कॅरेक्टर्स अंकी रूपात चालवून घेतं, पण बरेच पार्सर ती आवृत्ती वाचतच नाहीत. त्या वाटेला जाऊ नका.