हिशेबाचे प्रश्न: काजूवर 25 टक्के सुटतात, मग ते जातात कुठे?

प्रश्न: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काजूगर विकतो. 800 रुपये किलोने घेतो, 1000 ने देतो, म्हणजे 25 टक्के सुटले. चवथीच्या आधी गिऱ्हाईक घासाघीस करते, तेव्हा 10 टक्के सोडतो. 15 तरी उरायला हवेत, पण उरत नाहीत. (म्हापसा)

उत्तर: 25 टक्के तुम्ही खरेदीवर काढलेत आणि सोडलेले 10 विक्रीवर. त्यामुळे 25 मधून 10 वजा करताच येत नाहीत. 1000 चे 10 टक्के म्हणजे 100 रुपये. किलोमागच्या 200 तले निम्मे तिथेच गेले.

शिवाय माल 800 ला पडतच नाही. 50 किलोचे 40,000, त्यावर गाडीभाडे 400 आणि पिशव्या 600 धरा: 41,000. निवडताना 2 किलो तुकडा निघाला आणि तो 500 ने गेला, तर 1,000 परत आले. उरलेले 40,000 आता 48 किलोवर बसतात, म्हणजे किलो 833.33 ला पडला. (तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.) 1000 ने सगळा खपला तर 8,000 सुटतात, 900 ने खपला तर 3,200. सवलत देऊन तेच 8,000 मिळवायचे तर 48 ऐवजी 120 किलो विकावे लागतील. चवथ असली तरी एवढा खप होईल का, ते तुम्हीच पाहा.

विक्रीवर 20 टक्के हवे असतील तर 833.33 मध्ये 20 टक्के मिळवू नका. तसे केले की 1000 येतात आणि विक्रीवर 16.67 टक्केच पडतात. 0.80 ने भागा: 1041.67. सगळ्यांनाच 10 टक्के सोडणार असाल तर पुन्हा 0.90 ने भागा, 1157 येतात. पाटीवर 1160 लिहा. निम्माच माल सवलतीत जात असेल तर 0.95 ने भागून 1100 पुरेत. बाजारातल्या जागेचे पैसे आणि तुमची मजुरी अजून या 20 टक्क्यांतूनच जायची आहे.

प्रश्न: दुकानाची बँकवही आणि पासबुक यांत 2,700 चा फरक येतो. न वटलेले चेक आणि बँकेचे चार्जेस धरूनही जात नाही. (फोंडा)

उत्तर: फरकाला 9 ने भाग जातो का, ते आधी बघावे. इथे जातो, 300 येतात. मग दोन शक्यता. एक, शून्य राहिले: 3,000 च्या जागी 300 लिहिले. दुसरी, शेजारचे अंक उलटले: 5,200 चे 2,500 झाले. हजार आणि शतक या अंकांत 3 चा फरक असलेल्या रकमाच तपासा. 4,100, 6,300, 7,400 अशा. तिथे सापडले नाही तर 2,700 चे निम्मे करून 1,350 ची नोंद शोधा. ती जमेऐवजी नावे पडली असेल, किंवा उलट. एवढे करूनही फरक राहिला तर महिन्याची सुरुवातीची शिल्लक पासबुकाशी जुळते का बघा. पुष्कळदा चूक मागच्या महिन्यातली असते.