पोळपाटाची उंची

प्रश्न : मी इंटिरियरचा डिप्लोमा करून वर्षभर साताऱ्यात काम करतेय. प्रत्येक क्लायंटची तऱ्हा वेगळी. एकांना देवघर हॉलच्या मधोमध हवं, एका बाईंना ओटाच बुटका हवा. दर वेळी पहिल्यापासून विचार करताना दमायला होतं. तुम्ही इतकी वर्षं हेच करताय, कंटाळा येत नाही? – एक वाचक, सातारा

उत्तर : बुटका ओटा मागणाऱ्या त्या बाईंचं आधी ऐक. त्यांना काहीतरी कळलेलं आहे.

इथे कोल्हापुरात एक काकू घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. रोजच्या दोनशे पोळ्या, स्वतःची उंची चार फूट दहा इंच. ओटा ३३ इंची, त्यावर पोळपाट. लाटताना खांदे पार वर चढायचे. मी वहीत आकडेमोड करतेय हे बघून म्हणाल्या, "अगं, मी लाटूनच दाखवते की." मग मिस्त्रींनी १८ मिलिमीटरच्या प्लायचे तुकडे ओट्याच्या उंचीपर्यंत रचले आणि वर पोळपाट ठेवला. काकू लाटत होत्या, आम्ही मधेमधे एकेक तुकडा काढत होतो. चौथा तुकडा निघाला आणि त्यांचे खांदे खाली आले. काही बोलल्या नाहीत, पुढचा गोळा लाटायला घेतला. टेप लावला तर ३० इंच. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा, हे आपण शिकतो. त्यातून पोळपाटाची उंचीही वजा करायची असते, हे मला काकूंनी शिकवलं. आम्ही लाटण्यापुरताच भाग खाली घेतला. सिंक होतं तिथेच ठेवलं, कारण भांडी सूनबाई घासतात आणि त्या चांगल्या उंच आहेत.

एक तबल्याचे गुरुजी होते. रिकाम्या खोलीत चारही कोपऱ्यांत टाळी वाजवून आवाज कुठे घुमतो ते त्यांनी मला नेमकं दाखवलं. समोरासमोरच्या दोन कोऱ्या भिंतींमध्ये आवाज थरथरत राहायचा. एका भिंतीला पुस्तकांचं कपाट केलं, दुसरीला जाड पडदा, खाली सतरंजी. घुमणं थांबलं, पण शेजाऱ्यांचं गाऱ्हाणं थांबेना. त्यासाठी भरीव दार बसवलं आणि चौकटीला व दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावली. खोलीतला आवाज मऊ करणं वेगळं आणि तो बाहेर जाऊ न देणं वेगळं, ही दोन कामं मी तोवर एकच समजत होते.

आणि ते कर्णबधिर जोडपं! नवरा खिडकीकडे पाठ करून बसला की मागच्या उजेडात त्याचे हात काळे दिसायचे, बायकोला खुणा कळायच्या नाहीत. आम्ही सोफा फिरवला. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत, इंजिनीअरला दाखवून, कमरेपर्यंत उतरवली, म्हणजे फोडणी देतानाही गप्पा चालू. बेलला दिवा जोडला. भिंतींना फिका निळा रंग त्यांनीच निवडला, त्यावर हात उठून दिसतात म्हणून. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात २००५ पासून अशा रचनेचा 'डेफस्पेस' नावाने अभ्यास झालाय, हे मी नंतर वाचलं. या दोघांनी तो न वाचताच मला सगळं सांगितलं होतं.

कंटाळा मला आला होता तो सुरुवातीची चार वर्षं, एका ऑफिसात सॅम्पल फ्लॅट सजवताना. तेच फॉल्स सीलिंग, तोच सनमायका, आणि राहणारं कुणीच नाही. कुणासाठी करतेय, हेच कळायचं नाही.

म्हणून पहिल्या भेटीत टेप पिशवीतच ठेव. चहा घे, आणि ती माणसं घरात कुठे बसतात, कुठे अडखळतात ते बघ. देवघर मधोमधच का हवं, हेही त्या गृहस्थांना विचार. हट्टामागे बहुतेक वेळा रोजची एखादी सवय असते आणि ती ऐकायला मला अजून आवडतं.

मी पुढच्या आठवड्यात एका घड्याळजींकडे जातेय. भिंतीवर चाळीस घड्याळं, सगळी चालू, आणि त्यांच्या पत्नीला दुपारची झोप हवीय. आधी गुरुजींना फोन करणार आहे. घड्याळजींच्या घरी टाळ्या वाजवायला येता का, विचारते.