वायर हलली की वर्ग तुटतो

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ठाण्याला नौपाड्यात राहते, वय 67. 33 वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, आता घरून दुपारच्या सत्राच्या मुलांचा सकाळी दहा ते सव्वाअकरा ऑनलाइन वर्ग घेते. फायबरचं कनेक्शन आहे, प्लॅन 200 मेगाबिटचा. बॉक्स हॉलमध्ये दाराजवळ, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. मध्ये साधारण 18 मीटर वायर, तीन वर्षांपूर्वी टाकलेली, दाराच्या फटीतून नेलेली. कॉम्प्युटरवर स्पीड कधीच 94च्या वर जात नाही. शिवाय रोज अकराच्या आसपास कनेक्शन दोन-तीनदा तुटतं. मावशी तेव्हा फरशी पुसत असतात, मी त्यांना हाक मारून विचारते, "लाइट गेली का हो?" तर लाइट असते. केबलवाल्याचा मुलगा तीनदा येऊन गेला. "आमच्याकडून सगळं ओके आहे, कॉम्प्युटर बदला," म्हणाला. मोबाइलला आत रेंज मिळत नाही म्हणून भाच्याने महिन्यापूर्वी आतल्या खोलीत जुना राउटर जोडून दिला. तेव्हापासून मोबाइलवरसुद्धा नेट कधी चालतं, कधी नाही. शेजारचा मुलगा सांगतो, मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट करा. करू का?

— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बाई, आधी ती टाचणी खाली ठेवा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वात आधी देते, कारण हे पान हातात पडेपर्यंत कुणी ते भोक दाबलेलं नसावं असं मला मनापासून वाटतं. बंद करून चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. बंद केलात, अर्धा मिनिट थांबून चालू केलात, तर बॉक्समधलं काही पुसलं जात नाही. रिसेटने मात्र वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि बऱ्याच ठिकाणी केबलवाल्याने भरलेलं युजरनेम-पासवर्डसुद्धा जातं. ते तुमच्याकडे लिहिलेलं नसेल, तर तो पुन्हा येईपर्यंत घर बंद आणि वर्गही बंद.

आता तुमच्या पत्राकडे. मी 31 वर्षं टेलिफोनच्या कामात काढली, त्यातली बरीचशी टेस्ट डेस्कवर. तक्रार आली की लाइनमनने सायकल काढण्याआधी आम्ही एक गोष्ट ठरवायचो : दोष एक्स्चेंजच्या बाजूला आहे की ग्राहकाच्या. मध्येच जोड सोडायचा, दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या. तुमच्याकडे आलेल्या मुलाने हे केलं नाही. त्याने बॉक्सपर्यंत पाहिलं आणि बॉक्सच्या पुढचं सगळं तुमच्या कॉम्प्युटरवर ढकललं. मध्ये 18 मीटर वायर आहे, ती कुणीच पाहिली नाही.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी एकमेकांत मिसळली आहेत. म्हणून भाच्याने लावलेला जुना राउटर दोन दिवस काढून ठेवा आणि हॉलमधून आलेली वायर थेट कॉम्प्युटरला लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळतच नाही.

मग ही परीक्षा घ्या. कॉम्प्युटरच्या सर्चमध्ये इंग्रजीत सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल. तिच्यात पिंग, एक जागा सोडून 192.168.1.1, पुन्हा जागा सोडून वजा-चिन्ह आणि त्याला चिकटून टी, असं लिहून एंटर दाबा. हा क्रमांक बऱ्याच बॉक्सचा असतो. तुमचा वेगळा असला तर बॉक्सखालच्या स्टिकरवर सापडेल. आता कॉम्प्युटर दर सेकंदाला बॉक्सला हाक मारतो आणि बॉक्स ओ देतो. वर्ग नसलेल्या दिवशी हे चालू ठेवा आणि मावशींना नेहमीसारखी फरशी पुसू द्या. दाराजवळ फडकं फिरलं, वायर हलली आणि त्याच क्षणी ओ येणं थांबलं, तर दोष तुमच्या घरात, त्या वायरीत. वायर हलली तरी ओ येत राहिली आणि तरीही वेबसाइट उघडल्या नाहीत, तर दोष बॉक्समध्ये किंवा त्याच्या पलीकडे. मग केबलवाल्याला त्या काळ्या खिडकीचा फोटो पाठवा आणि चौथ्यांदा बोलवा.

मला विचाराल तर वायरच. त्याचा पुरावा तुम्हीच लिहिला आहे : 94.

हा आकडा मी पाहिला की मला वायरीच्या आतले रंग दिसायला लागतात. त्या निळ्या किंवा करड्या वेष्टणात आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या, चार जोड्या. 1000 मेगाबिटच्या जोडणीला चारही जोड्या लागतात. 100च्या जोडणीला दोनच पुरतात, नेहमीच्या रंगक्रमात नारिंगी आणि हिरवी. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली, तर दोन्ही टोकं बऱ्याचदा मुकाट्याने 100वर तडजोड करतात. दिवा लागलेला, नेट चालू, कुणालाच शंका येत नाही. त्या 100मधून माहितीच्या प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्या-शिक्क्यांची जागा वजा केली की हातात 94-95 उरतात. तुमचा आकडा इतका नेमका आहे की केबलवाला स्पीड कमी देतोय असं मी म्हणणार नाही. त्याचं कमी पडलं असतं तर आकडा रोज वेगळा आला असता.

खात्री करायची तर विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडा. तिथे लिंक स्पीड लिहिलेला असतो. 1000/1000 हवा. 100/100 दिसला, तर कुणाचा तरी 1000चं लॅनचं तोंड (नेटची वायर लावायची जागा) असलेला लॅपटॉप मागून आणा आणि हॉलमध्ये बॉक्सच्या शेजारी एक-दीड मीटरच्या चांगल्या वायरीने जोडा. तिथे 1000 आला तर तोच लॅपटॉप आत लांब वायरीला जोडा. आता 100 दिसला तर लांब वायर दोषी. तिथेही 100च आला तर बॉक्सचं दुसरं तोंड वापरून पाहा, कारण काही बॉक्सना एकच तोंड 1000चं असतं आणि बऱ्याच स्वस्तातल्या राउटरना एकही नसतं. आणि लॅपटॉपवर लांब वायरीनेही 1000 आला तरच तुमच्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाकडे वळा. काही जुन्या कॉम्प्युटरची कार्डं 100चीच असतात. पण त्या एका कार्डासाठी अख्खा कॉम्प्युटर बदलायला सांगणं मला पटत नाही.

नेरूळला माझ्याच घरी हे घडलं आहे. सासूबाईंसाठी पलंग हलवला, त्याचा पाय वायरीवर आला. सहा महिने आम्ही 94वर होतो. मी तेव्हा नोकरीतच होते आणि तरीही आधी नवा राउटर आणला. पलंग सरकवल्यावर वायर चपटी झालेली दिसली, तेव्हा वाईट वाटलं ते पैशांपेक्षा त्या सहा महिन्यांचं. मुलगी त्याच वायरीवर परीक्षेची तयारी करत होती. तुमच्या पत्रातली दाराची फट वाचली आणि तो पलंगाचा पाय आठवला.

तेव्हा वायर बदला. दाराखालून नको, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून न्या, थोडी सैल ठेवा, काटकोनात मोडू नका. कॅट-सिक्स लिहिलेली, पूर्ण तांब्याची घ्या. दुकानातच एका तारेचं टोक ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ते पिनेजवळ लवकर तुटतं, घेऊ नका. लांबीची काळजी करू नका, ही वायर 100 मीटरपर्यंत चालते.

टोकाला क्लिप दाबताना समोर उभ्या राहा आणि रंग वाचा, विद्यार्थ्याची वही तपासावी तसे. क्लिपची जीभ खाली धरून डावीकडून : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या दोन तारांमध्ये निळ्याच्या दोन येतात, चूक तिथेच होते. काही मुलं एक रंग झाला की दुसरा अशा सरळ ओळीने लावतात. दोन्हीकडे सारखंच लावल्यामुळे वायर तपासायच्या टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर एकाच पिळाची जोडी यायला हवी ती येत नाही. मग एका जोडीचा आवाज दुसरीत शिरतो आणि लाइन अडखळते. टेस्टरचे दिवे पाहून समाधान मानू नका.

आता जुना राउटर. भाच्याने जोडला तो चांगल्या हेतूने, पण आता घरात पत्ते वाटणारे दोघे झाले. हॉलमधला बॉक्स प्रत्येक मोबाइलला क्रमांक देतो आणि बाहेरचा रस्ता म्हणून स्वतःचं नाव सांगतो. जुना राउटरही तेच करतो आणि त्याच्याकडे बाहेरचा रस्ताच नाही. मोबाइलला आधी कुणाचं उत्तर मिळालं यावर नेट चालणार की नाही हे ठरतं. भरीला दोघांचा स्वतःचा क्रमांक 192.168.1.1च असेल, तर गोंधळ पुरा होतो.

उपाय दहा मिनिटांचा आहे. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (फक्त वाय-फाय पसरवायचं, क्रमांक वाटायचे नाहीत) असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर भाच्याला बोलवा. जुना राउटर एकट्या कॉम्प्युटरला जोडून आधी त्याचा क्रमांक बदलायचा. त्याच मालिकेतला, पण हॉलमधला बॉक्स जे क्रमांक वाटतो त्यांच्या बाहेरचा हवा. नव्या क्रमांकावरून पुन्हा आत शिरून मग डीएचसीपी, म्हणजे त्याचं क्रमांक वाटणं, बंद करायचं. क्रम उलटा करू नका, डीएचसीपी आधी बंद झालं तर राउटरच्या आत शिरणंच अवघड होतं. शेवटी हॉलमधली वायर त्याच्या लॅनच्या तोंडात लावायची, बाहेरून नेट घेणाऱ्या वॅनच्या नव्हे. आणि जुन्या राउटरची तोंडं 100ची असली तर कॉम्प्युटर त्याच्यातून नेऊ नका, नाहीतर नव्या वायरीवरही 94च दिसेल. कॉम्प्युटरला वेगळी वायर टाका.

वायर बदलण्याच्या कामाला वर्ग नसेल तो दिवस ठेवा, आणि पिंगची परीक्षा नव्या वायरीवरही एकदा घ्या, मावशी फरशी पुसत असताना.

प्रश्न : खारघरला घराला रंग दिला. नंतर बॉक्सवर एलओएसचा लाल दिवा लागला आहे. कुठली वायर बदलू?

उत्तर : कुठलीच नाही. लाल एलओएस म्हणजे बॉक्सपर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. रंगाऱ्याने कपाट सरकवताना ती बारीक फायबर दुमडली असेल किंवा हिरवं टोक अर्धवट निघालं असेल. टोक फक्त हलकेच आत दाबून पाहा. फायबर कुठे तीव्र वळली असेल तर मोठं वळण द्या. तरी दिवा लाल राहिला तर केबलवाल्यालाच बोलवा, आत काच आहे, ती घरी जोडता येत नाही. आणि काढलेल्या टोकात डोळा लावून पाहू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

प्रश्न : ऐरोलीत लाइट गेली की नेट जातं. राउटरसाठी छोटा यूपीएस घेऊ का?

उत्तर : आधी केबलवाल्याला विचारा की इमारतीत फायबर थेट घरापर्यंत आली आहे की गच्चीवरच्या स्विचमधून (घरोघरी नेट वाटणाऱ्या विजेवरच्या पेटीतून) लॅनची वायर खाली आणली आहे. थेट फायबर असेल तर इमारतीतल्या विभाजकाला (एका फायबरच्या अनेक शाखा करणाऱ्या डबीला) वीज लागत नाही, तुमचा यूपीएस उपयोगी पडेल. गच्चीवर स्विच असेल तर लाइट गेल्यावर तोही बंद पडतो, मग त्याला बॅकअप आहे का ते विचारा. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळवा, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील. बॉक्स आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही पुरवठा लागेल, हे दुकानदाराला सांगायला विसरू नका.