फॉर्मवर ‘नाही’ कुणी लिहिलं?

वाचकाचं पत्र: आम्ही नाशिकला राहतो. मी 36 वर्षांचा, खासगी कंपनीत आहे, हातात 78 हजार येतात. पत्नी शिक्षिका आहे, तिला 32 हजार. मुलगा 7 वर्षांचा. त्याला शेंगदाण्याची आणि दुधाची ॲलर्जी आहे, शिवाय दमा. दोन वर्षांपूर्वी दोन दिवस ॲडमिट होता. मुलगी 3 वर्षांची, तिला अंड्याची ॲलर्जी. औषधं, तपासण्या आणि वेगळं खाणं यांत महिन्याला साडेपाच हजार जातात. मुलासाठी वर्षाला 60 हजार हप्त्याचा चाईल्ड प्लॅन (बचत आणि विमा एकत्र) घेतला आहे, 15 वर्षांचा, दोन हप्ते भरून झाले. आता एजंट मुलीसाठीही तसाच घ्या म्हणतो. घ्यावा का? आजारपणाची काळजी नाही, 14 महिन्यांपूर्वी 10 लाखांचा फॅमिली फ्लोटर मेडिक्लेम (चौघांना मिळून एकच पॉलिसी) घेतला आहे. (ॲलर्जी मोठेपणी जातेच, उगीच हप्ता वाढेल, म्हणून एजंटनं फॉर्ममध्ये तिचा आणि दम्याचा उल्लेख टाळला.)

उत्तर: दुसरा प्लॅन घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण पत्रातली सगळ्यात महागाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे, तेव्हा आधी तिचं बघू.

फॉर्म एजंटच्या टॅबवर भरला गेला असेल आणि ओटीपी तुमच्या मोबाइलवर आला असेल. तो ओटीपी सांगितलात तीच तुमची सही. ‘दमा किंवा श्वसनाचा विकार आहे का’, ‘यापूर्वी रुग्णालयात दाखल झाला होता का’ असे प्रश्न या फॉर्मांत असतातच, आणि त्यांच्यापुढचं ‘नाही’ एजंटचं नाही, तुमचं धरलं जातं. आता मुलाचं जुनं डिस्चार्ज कार्ड काढा. वरच्या तीन-चार ओळींत बहुधा ‘नोन केस ऑफ ब्रॉन्कियल अस्थमा, पीनट ॲलर्जी’ असं काहीतरी सापडेल. पुढच्या वेळी दाखल कराल तेव्हा ड्यूटीवरचे डॉक्टर विचारतील, ‘कधीपासून आहे?’ घाबरलेली आई खरं तेच सांगणार, आणि सांगायलाच हवं. ते केसपेपरवर उतरतं. दावा तपासणारा माणूस सगळ्यात आधी तीच ओळ वाचतो. मग दावा फेटाळला जाऊ शकतोच, वर पॉलिसी रद्द होऊ शकते, आणि फ्लोटर असल्यामुळं तुमच्या चौघांचं संरक्षण एका फटक्यात जाऊ शकतं. विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाऊ म्हणाल, तर तिथंही समोर हाच फॉर्म येणार.

एजंट म्हणेल, पाच वर्षं काढा, मग कंपनी काही करू शकत नाही. हे अर्धसत्य आहे. 2024 च्या नियमांनी ती मुदत आठ वर्षांवरून 60 महिन्यांवर आणली हे खरं, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण मिळत नाही. शिवाय राहिलेले 46 महिने दम्याचं पोर आजारीच पडणार नाही, हे कुणाच्या भरवशावर?

‘मोठा झाला की जाते’ हेही तपासून घ्या. दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची साधारण पाचांतल्या एकाचीच जाते. ज्या घरांत कोशिंबिरीपासून उपासाच्या खिचडीपर्यंत सगळ्यात कूट पडतं, तिथं बाकीच्या चौघांनी काय करायचं?

आणि वाचवलं काय? समजा हप्ता 24 हजार आहे आणि खरं लिहिल्यावर कंपनीनं 25 टक्के वाढवला असता, तर वर्षाला 6 हजार गेले असते. मुलांच्या आयसीयूत चार दिवस काढले तर दीड-दोन लाख सहज होतात. दुसरं म्हणजे, आधीपासूनच्या आजाराला आता जास्तीत जास्त 36 महिनेच थांबावं लागतं. खरं लिहिलं असतं आणि कंपनीनं पॉलिसी दिली असती, तर त्यातले 14 आज संपलेले असते.

आता करायचं काय? सगळ्यात आधी तुमच्या कंपनीच्या एचआरकडे जा. नोकरीतून मिळणाऱ्या बहुतेक समूह विम्यांत जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. दोन्ही मुलांची नावं त्यात आहेत का, रक्कम किती, हे लेखी घ्या. नावं नसतील तर आधी ती घालून घ्या. मग मेडिक्लेम कंपनीला ईमेल करा: मुलाचा दमा, दोघांच्या ॲलर्जी, निदानाच्या तारखा, डिस्चार्ज कार्ड, सगळं जोडून ‘नोंदीत घ्या’ म्हणून कळवा. हप्ता वाढेल, प्रतीक्षा काळ लागेल, एखादा आजार वगळला जाईल, किंवा पॉलिसी रद्दही होईल. रद्द होण्याची शक्यता खरी आहे, म्हणूनच समूह विमा आधी. पण आज रद्द झाली तर दुसरीकडे खरं लिहून अर्ज करता येतो. आयसीयूच्या बाहेर बसून कळलं तर काहीच करता येत नाही.

मेडिक्लेम निर्दोष असता, तरी ‘आजारपणाची काळजी नाही’ हे चुकीचंच होतं. ॲलर्जीचा खर्च बहुतांशी दवाखान्याबाहेरचा असतो. तुमचे महिन्याचे साडेपाच हजार म्हणजे वर्षाला 66 हजार, आणि साध्या मेडिक्लेममधून त्यातला रुपयाही परत येत नाही. जोराची रिॲक्शन आली, ॲड्रेनलिनचं तातडीचं इंजेक्शन दिलं, सहा-आठ तास लक्ष ठेवून घरी सोडलं, तर बहुतेक पॉलिसींची किमान 24 तास दाखल असण्याची अट पुरी होत नाही आणि बिल तुमच्याच खिशातून जातं. ॲड्रेनलिनचं तयार पेन डॉक्टरांनी लिहून दिलं तर ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, महाग असतं आणि मुदत संपली की पुन्हा घ्यावं लागतं. म्हणून लाखभर रुपये स्वीप-इन एफडीत (बचत खात्याला जोडलेली, लागेल तेव्हा पैसे देणारी ठेव) वेगळे ठेवा. मुलीच्या प्लॅनसाठी काढलेले 60 हजार पहिले तिथं टाका.

आणि ‘दोनशे पदार्थांची एका थेंबात तपासणी’ करणाऱ्या आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची चाचणी) पॅकेजांवर पैसे उधळू नका. ॲलर्जीच्या निदानासाठी ती चाचणी वापरू नका, असं ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनाच सांगतात. पालकांच्या भीतीवर चाललेला धंदा आहे तो.

राहिला चाललेला चाईल्ड प्लॅन. 60 हजारांप्रमाणे 15 वर्षांत 9 लाख भरणार, पाच टक्के धरले तर साडेतेरा लाखांच्या आसपास मिळणार. तेवढेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी सव्वासोळा लाख होतात, तेही एजंटशिवाय. असल्या प्लॅनमध्ये विमा हप्त्याच्या दहापट, म्हणजे सहा लाखांच्या घरात असतो. घरात 78 हजार आणणारा माणूस गेला तर सहा लाख आठ महिनेही पुरत नाहीत. त्याऐवजी तुमच्या नावावर एक कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा. तुमच्या वयाला, निर्व्यसनी असाल तर, वर्षाला 15 ते 18 हजारांत बसावा. तो हातात आल्यावर चाईल्ड प्लॅनच्या कंपनीकडून सरेंडर (प्लॅन मोडला तर आता किती मिळतील) आणि पेड-अप (हप्ते थांबवून प्लॅन तसाच ठेवला तर पुढं किती मिळतील) असे दोन्ही आकडे लेखी मागवा. भरलेल्या 1 लाख 20 हजारांतला बराचसा भाग गेला असं समजूनच ते वाचा, आणि तिसरा हप्ता भरू नका.

टर्मच्या फॉर्मवर मात्र तुमचं सिगारेट, बीपी, आईवडिलांचा मधुमेह, जे असेल ते सगळं स्वतः टाइप करा. टॅब एजंटच्या हातात देऊ नका.